'रेमन्स्ट्रेट'च्या पुढे 'विथ' लागतं

माझ्या धंद्यात मी सगळ्यात जास्त वापरलेलं इंग्रजी क्रियापद म्हणजे 'बेग'. 'आय बेग टू स्टेट'. त्याशिवाय एकही अर्ज सुरू झाला नाही. भीक मागतो आणि सांगतो, असं म्हटल्याशिवाय कचेरीत कुणाला काही सांगताच येत नसे. तालुक्याच्या कचेरीसमोर एका दुकानाच्या ओट्यावर मी एक टेबल, एक स्टूल आणि एक जुना टाइपरायटर घेऊन बसत असे. त्या मशीनचं 'आर' अक्षर अर्धंच उठायचं, ते मागाहून शाईने पुरं करावं लागे. तेव्हा आमचा मुलूख रत्नागिरी जिल्ह्यात होता आणि साहेब लोकांचा कारभार इंग्रजीत चालायचा. माणसं आपलं दुःख मालवणीत आणायची, मी ते इंग्रजीत घालायचो, आणि आतला कारकून ते पुन्हा मराठीत करून साहेबाला सांगायचा. एवढ्या प्रवासात मूळ दुःखाचं काय उरत असेल ते देव जाणे.

गिऱ्हाइकांना अर्ज 'कडक' हवा असे. समजला नाही तरी चालेल, पण वाचून दाखवताना दणदणीत वाटला पाहिजे. बांद्याकडच्या एका माणसाने, शेजाऱ्याचा रेडा कुंपण मोडतो म्हणून, माझ्याकडून दोन पानी अर्ज लिहून घेतला होता. वाचून दाखवल्यावर तो म्हणाला, "ह्याच्यात मोठे शब्द कमी पडतत." मग मी एका इंग्रजी शब्दसंग्रहातून चार शब्द काढून घातले, त्यात एक 'रेमन्स्ट्रेट' होता. अर्थ दिला होता: निषेध करणे, हरकत घेणे. मी ठोकून दिलं, 'अर्जदार मामलेदारसाहेबांना रेमन्स्ट्रेट करतो'. आठ दिवसांनी अर्ज परत आला, त्या शब्दाभोवती तांबड्या शाईचा गोल काढलेला होता. रेड्याबद्दल एक अक्षर नव्हतं.

तो कागद घेऊन मी इनास मास्तरांकडे गेलो. मास्तरांनी मला मॅट्रिकपर्यंत इंग्रजी शिकवलं होतं. रिटायर होऊन घरी मिरीच्या वेलींची निगा राखत बसलेले असत. त्यांचे अर्धे नातेवाईक गोव्यात, आणि त्या काळात सरहद्द बंद असल्यामुळे ते गेल्यासारखेच होते. मास्तरांनी चष्मा लावून कागद पाहिला आणि मनापासून हसले.

"सदू, तू मामलेदाराकच रेमन्स्ट्रेट केलंस? अरे, ह्या क्रियापद असा कोणाच्या आंगार घालूचा नसता. माणसाच्या आधी 'विथ' लागता. गोष्टीच्या आधी 'अगेन्स्ट'. माणसाबरोबर, गोष्टीविरुद्ध."

"पण मास्तर, अर्थ तर प्रोटेस्टच ना?"

"प्रोटेस्ट करूक समोर कोण नसलो तरी चलता. रस्त्यात उभो रव आणि बोंब मार. ह्या तसा न्हय. रेमन्स्ट्रेट म्हणजे माणसाच्या शेजारी जावन बसूचा आणि सांगूचा, बाबा रे, तू करतंस ता बरा न्हय, आणि कित्याक बरा न्हय ता दाखवूचा. आमच्या चर्चीत मॉन्स्ट्रन्स असता, बघलंस मा? सोन्याचा, मधी काच. देव दाखवूचा भांडा. तेतूरच ह्यो शब्द इलो, दाखवणे." मग म्हणाले, "मॉन्स्टर पण तेच्याच घराण्यातलो. आदी लोकांका भूत दिसला की ती देवाची सूचना समजत. काय तरी दाखवूक इला, म्हणत."

मला हे सगळं त्या वेळी व्याकरण वाटलं.

सुंदराबाय माझ्याकडे आली ती त्यानंतर वर्षभराने. तेरेखोलच्या खाडीकाठी, आरोंद्याच्या वाटेवर, आठ-दहा घरांची एक वाडी होती. तिथून ती माशांची पाटी घेऊन बाजारात यायची. पन्नाशीची, काटक, कपाळ उघडं. तिचा एकुलता मुलगा वासू आणि आणखी दोघे होडी घेऊन खाडीच्या तोंडाशी गेले होते आणि अवकाळी वाऱ्यात होडी फुटली. फळ्या काठाला लागल्या, माणसं लागली नाहीत. एक होता म्हातारा तांडेल, होडी चालवणारा, त्याच्यामागे कुणी नव्हतं. दुसरा राघो. त्याचं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं, बायकोचं नाव आनंदी. महिना-दीड महिना वाट बघून गावच्या दप्तरात तिघांच्याही नावापुढे 'मयत' असं लिहिलं गेलं. आनंदीने कुंकू पुसलं. सुंदराबाय मात्र रिकामी पाटी काखेत घेऊन माझ्या टेबलासमोर उभी राहिली.

"माज्या झिलाक मेलो म्हणान कोणी लिवल्यान? तेका सांग, खोड म्हणान."

"तो जिवंत आहे याला पुरावा काय, बाय?"

"माका साद घालता. रोज, उन्हा तापली काय. खाडीच्या पल्याडसून."

पलीकडे पोर्तुगीजांची हद्द होती. तिकडे कुणी जाऊ शकत नव्हतं, तिकडून कुणी येऊ शकत नव्हतं. मी अशी गिऱ्हाइकं पाहिली होती. मान डोलावली आणि मशीनमध्ये कागद घातला. 'अर्जदार सदर नोंदीचा प्रोटेस्ट करते.' सादेबद्दल काही लिहिलं नाही. अर्ज लिहिणाऱ्याचा पहिला नियम असतो की, ज्यावर साहेब हसेल ते लिहायचं नाही. अर्ज फायलीत गेला आणि तिथेच राहिला.

तीन महिन्यांनी ती पुन्हा आली. नंतर पुन्हा. मग मी तिचा कागद मास्तरांना दाखवला. ते वाचून म्हणाले, "हेतूर माणूस खंय आसा? ह्या भिंतीक लिवल्यासारख्या. कोणाबरोबर बोलता ती?" त्यांनी स्वतः मसुदा सांगितला. अर्जदार साहेबांबरोबर, त्या नोंदीविरुद्ध, अत्यंत आदराने रेमन्स्ट्रेट करू इच्छिते आणि समक्ष भेटीची विनंती करते. विथ आणि अगेन्स्ट, दोन्ही जागच्या जागी.

अर्ज तयार झाला तेव्हा सुंदराबाय तापाने पडली होती. अंगठा घ्यायला मीच वाडीवर गेलो. पोचलो तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. ओहोटी होती, चिखलावर पांढरे पक्षी उभे होते. ती पडवीत चटईवर पडून होती. आनंदी तिच्या उशाशी बसली होती. दोघी एकमेकींच्या कुणी नव्हत्या, पण त्या होडीपासून ती मुलगी रोज येऊन तिचं पाणी भरून देत असे. मी शाईचं पॅड काढलं, अंगठा धरला, आणि सुंदराबायने दुसऱ्या हाताने माझं मनगट पकडलं.

"आयक."

मला आधी काही ऐकू आलं नाही. मग लक्षात आलं की काहीच ऐकू येत नाहीये. पक्षी नाहीत, माडांची झावळं नाहीत, पाण्याची चुळबुळ नाही. आणि त्या शांततेत, लांबून, पाण्यावरून घसरत आल्यासारखा आवाज आला.

"आये गोऽऽ"

पलीकडच्या काठावर कांदळवन आणि त्याच्या मागे उघडी जमीन. माणूस नव्हता. मी उठून पाण्याच्या कडेपर्यंत गेलो. पुन्हा आला. घाई नव्हती त्यात, रडणंही नव्हतं. मूल वाट बघून बघून कंटाळतं आणि तरी हाक मारत राहतं, तसा. मग एक पक्षी उडाला आणि सगळे आवाज परत सुरू झाले.

आनंदीने मला विचारलं, "तुमी आयकलास?" तिला काही ऐकू आलं नव्हतं. मी म्हणालो, कुणीतरी होडीवाला असेल. सुंदराबायने कागदावर अंगठा टेकवला. अंगठा नीट उठला होता.

या अर्जावर मात्र बोलावणं आलं. मामलेदार नवे होते, घाटावरचे, वयाने माझ्याएवढे. त्यांनी तिला खुर्ची दिली. तेव्हा असं कुणी करत नसे, त्यामुळे ती खुर्चीच्या शेजारी जमिनीवर बसली. साहेबांनी विचारलं, मुलगा जिवंत आहे असं तुम्हाला का वाटतं? ती म्हणाली, "माका साद येता." मी घाईघाईने भाषांतर केलं, "अर्जदारास तसं मानण्यास कारण आहे, साहेब." साहेब म्हणाले, "ती तसं नाही म्हणाली. ती काय म्हणाली ते सांगा." मला सांगावं लागलं. ते हसले नाहीत. बराच वेळ पेनचं टोपण उघडझाक करत राहिले. मग विचारलं, "बाकीच्या दोघांचं काय?" सुंदराबाय म्हणाली, "तेंचा मी कसा सांगू? माका माजोच आयकाक येता."

त्यांनी वासूच्या नावापुढचं 'मयत' खोडायला लावलं आणि तिथे 'बेपत्ता' लिहायला लावलं. माझ्या तीस वर्षांत एका क्रियापदाने केलेलं हे सगळ्यात मोठं काम. धंद्याचा अभिमान म्हणून सांगतो, दुसरं काही नाही.

पाच-सहा वर्षं अशीच गेली. मग गोवा मोकळा झाला, बांद्याच्या रस्त्याने गाड्या सुरू झाल्या, आणि इनास मास्तरांची धाकटी बहीण इतक्या वर्षांनी भावाला भेटायला आली. ती तिकडे एका इस्पितळात नर्स होती. गप्पांच्या ओघात तिने सांगितलं की त्यांच्याकडे एक माणूस आहे, समुद्रावर सापडलेला, वर्षं झाली, तोंडातून शब्द नाही. नाव नाही, गाव नाही. दिवसभर डाव्या हाताने जाळी विणतो. मास्तर जेवता जेवता उठले आणि तसेच माझ्या ओट्यावर आले.

वासू डावखुरा होता.

आम्ही तिघे गेलो. इस्पितळाच्या मागच्या पडवीत तो बसला होता. अंगाने सुटलेला, केस पिकलेले, वय तिशीच्या आत. सुंदराबाय त्याच्यासमोर बसली, त्याच्या हातातली सुई थांबवली आणि त्याचा हात उलटासुलटा करून पाहिला. मग म्हणाली, "चल." तो उठला. वाटेत त्याने तिच्याकडे पाहिलं, खाल्लं, झोपला. बोलला मात्र नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं की घशात काही दोष नाही, फक्त तो बोलत नाही.

सगळ्या बाजाराने सुंदराबायला नावाजलं. मीही माझा वाटा घेतला. आणि चार महिन्यांनी ती पुन्हा माझ्या टेबलासमोर उभी राहिली.

"अजून एक अर्ज लिव."

"आता कशाला? आला ना घरी?"

तिने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "तो घराक इलो. साद बंद जावक नाय."

बाजारात भर सकाळची वेळ. शेजारी चहावाला कप विसळत होता.

"तो पडवेत बसान जाळी इणता," ती म्हणाली, "आणि पल्याडसून तेचोच आवाज माका आये म्हणता. तेका पण आयकाक येता, झिला. साद इली काय तेचो हात थांबता."

मी तिला मास्तरांकडे घेऊन गेलो. खरं सांगायचं तर मला ते एकट्याने ऐकवेना. मास्तरांनी सगळं ऐकलं, छातीवर क्रूस केला, आणि मग शिक्षकच तो, म्हणाले, "हेका अर्ज कित्याक होयो? अर्ज मधी माणूस असता तेव्हा लिवतत. हंय मधी कोण नाय. बाय, तूच जा. तेच्याशीच बोल. रागान नको, रडान नको. शेजारी बसल्यासारख्या बोल." मग माझ्याकडे वळून हळूच इंग्रजीत पुटपुटले, "विथ."

दुसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर गेलो. वासू पडवीत होता. आम्ही दोघं पाण्याच्या कडेला जाऊन बसलो. ऊन वाढत गेलं. मग तो कानात कापूस कोंबल्यासारखा सन्नाटा पडला आणि पलीकडून हाक आली. सुंदराबायने पदर नीट केला. आवाज चढवला नाही. समोर ताटावर बसलेल्या मुलाशी बोलावं तसं बोलली.

"वासू, आयक रे माजा. मी तुका गाळी घालूक येवक नाय. तू घराक इलंस. तुजा आंग इला, जेवता, न्हाता, जाळी इणता. तू एकटोच थंय कित्याक रवलंस? तुका वाटता, ती दोगां पाण्यात रवली आणि आपूण कसा जावचा. होय मा? माका कळता ता. पण तुया तेंका बुडवक नाय रे बाबा. वाऱ्यान बुडवल्यान. सा वर्सा तू तेंका सोबत केलंस, पुरे झाला. माजे आता दिवस किती रवले? माका आये म्हणूचा तर माज्या घरात येवन म्हण. हयसून माका आयकाक येता, पण तुका जवळ घेवक येना नाय. ये आता."

तिने मग आणखी काही सांगितलं, घरचं, कुठलं भांडं कुठे आहे, कुत्री व्याली आहे, असलं. पलीकडून एकदा हाक आली, अर्धी. मग नाही. बऱ्याच वेळाने ती गुडघ्यांवर हात टेकून उठली आणि घराकडे चालू लागली. मी मागे राहून वहाणा घालत होतो.

पडवीत पोचलो तेव्हा जाळं जमिनीवर पडलेलं होतं. वासू खांबाला धरून उभा होता. त्याचं तोंड वेडंवाकडं हलत होतं, लहान मूल गरम घास खातं तसं. आणि मग तो आवाज, जो मी पाण्यावरून ऐकला होता, माझ्यापासून चार हातांवर आला. "आये." तिने त्याला पाणी दिलं. रडारड झाली नाही. तिने चूल पेटवली, एवढंच.

इथे ही गोष्ट संपली असती तर मी ती आजवर शंभर वेळा सांगितली असती.

वासू हळूहळू बोलायला लागला आणि त्याने आनंदीला काय झालं ते सांगितलं. तांडेल लगेच गेला. राघोचा हात त्याच्या हातात बराच वेळ होता, मग सुटला. आनंदीने ते शांतपणे ऐकून घेतलं. तिच्या बापाने देवगडकडचा एक बिजवर खलाशी बघून ठेवला होता, पाट, म्हणजे दुसरं लग्न, लावायचं ठरत होतं. ती होय म्हणत नव्हती, नाही म्हणत नव्हती. एका बाजाराच्या दिवशी ती माझ्या ओट्यावर आली. स्टुलावर बसली नाही.

"भाऊ, एक इचारतंय. त्या दिवशी थंय एकच आवाज होतो?"

"म्हणजे?"

"सुंदराकाकूक तिचोच आयकाक येता. माका कायच येना नाय. तुमका दोनय येळा आयकाक इला. म्हणान इचारतंय. दुसरो कोण होतो?"

मी तिच्याकडे पाहिलं. चोविशी-पंचविशीची असेल. पुढचं सगळं आयुष्य कोरं होतं. तिने खाडीकाठी बसून म्हातारं व्हावं असं मला वाटलं नाही.

"एकच," मी म्हणालो.

"नक्की?"

"नक्की."

ती "बरा," म्हणाली. "असतो तर तेका दोन गजाली सांगूच्या होत्या. जातंय म्हणान सांगूचा होता." आणि गेली. पंधरा दिवसांत पाट लागला.

खरं असं होतं की त्या दिवशी सुंदराबाय घराकडे गेल्यावर, मी वहाण घालायला वाकलो असताना, सन्नाटा अजून उठला नव्हता. आणि पलीकडून दुसरा आवाज आला. जाडसर, पुरुषी. तो आये म्हणत नव्हता. तो नुसतंच "गोऽऽ" म्हणत होता, घरात शिरता शिरता नवरा बायकोला हाक मारतो तसा, नाव न घेता. दोनदा आला. मी एक वहाण हातात घेऊन पळालो होतो.

माझा हेतू वाईट नव्हता. आनंदीचा संसार पुढे चांगला झाला, मुलं झाली, ती मला कधीतरी बाजारात दिसायची आणि हसायची. पण तिला कुणाशी तरी बोलायचं होतं, आणि मी तिला सांगितलं की तिथे कुणी नाही. आयुष्यभर एकाचं म्हणणं दुसऱ्यापर्यंत पोचवण्याचा धंदा केला, आणि एकदाच कुणी समक्ष बोलायला निघालं होतं तर मी दार लावून घेतलं. मास्तरांना हे सांगायचं धैर्य झालं नाही. ते त्याच पावसाळ्यात गेले.

तिचा पाट लागल्यावर महिन्याभराने मी एकटाच खाडीवर गेलो. म्हटलं, तिच्या वतीने आपण सांगावं. दुसऱ्याच्या वतीने सांगण्यात माझी हयात गेली होती. ऊन तापलं, आवाज विरले, आणि पलीकडून तो आला. "गोऽऽ". मी तोंड उघडलं आणि मला कळलं की मला हाक कशी मारायची तेच ठाऊक नाही. ती त्याला काय म्हणत असेल? नाव तर ती घेतच नसणार. काहीतरी असेल, दोघांमधलंच, ते तिने मला सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. घाबरलेल्या माणसाच्या तोंडी सवयीचंच येतं. अर्जात लिहितात तसं मी राघोचं पूर्ण नाव घेतलं, बापाच्या नावासकट, वाडीच्या नावासकट, मोठ्याने.

पलीकडे एकदम गप्प झालं. कांदळांमागे काहीतरी मागे सरल्यासारखं पाणी हललं. मी दुपार उलटेपर्यंत बसलो, त्यानंतर कितीदा तरी गेलो. पुन्हा आवाज आला नाही. आनंदी आता येणार नाही हे त्याला कळलं म्हणून तो गेला, की कचेरीचं बोलावणं आलं असं वाटून घाबरून लपला, ते मला आजतागायत माहीत नाही.